नलूची मूठ

१

सकाळी अंघोळ झाली की कमल आधी स्टोव्ह पेटवायची आणि मग निरांजन. हा क्रम उलटा आहे हे तिलाही ठाऊक होतं, पण कानबाई लेकुरवाळ्यांची देवी, ती समजून घेईल अशी तिची खात्री होती. स्टोव्हच्या आचेवर ती चिमट्यात काचेची नळी धरायची. नळीत सात वर्षांच्या नलूची सकाळची लघवी. उकळी येऊनही पाणी नितळ राहिलं तर दिवस चांगला. नासलेल्या दुधासारखे पांढरे कण दिसले तर अंगातलं सत्त्व वाहून चाललंय, उद्या-परवा पोरीचे डोळे सुजणार. मग भिंतीवरच्या कॅलेंडरात, एकादशी-चतुर्थीच्या शेजारी, ती पेन्सिलीनं बारीकशी फुली काढायची.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. पहूरला बसस्टँडमागच्या गल्लीत मातीच्या धाब्याचं तीन खणांचं घर. नवरा अभिमन जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर होता. सासू झुंबरबाई धुळ्याकडच्या, त्यामुळे तोंडी पक्की अहिराणी. दहा वर्षांचा मगन शाळेत जायचा. नलूची शाळा मात्र बुडालेली, कारण आषाढात तिला जळगावच्या दवाखान्यात पंधरा दिवस ठेवावं लागलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तेव्हा कमलला समोर बसवून सांगितलं होतं, "सूज उतरेल, ताई. पोर खूप खाईल, तोंड चंद्रासारखं वाटोळं होईल. पण या गोळ्यांनी अंगाची राखण कमी होते. शेताला राखणदार नसला म्हणजे काय होतं ते मी तुम्हाला काय सांगायचं!"

कमलनं मान हलवली होती. तिच्या वडिलांची ज्वारीची शेती होती. राखणदार नसला म्हणजे काय होतं, ते तिनं पाहिलेलं होतं.

२

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. आदल्या दिवशी रोटाचं दळण. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, घरच्या जात्यावर दळायचे, त्याचे जाड रोट करून देवीला दाखवायचे आणि घरच्यांनीच ते संपवायचे. परक्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत.

झुंबरबाई परातीत मुठी टाकत होत्या. एक मूठ अभिमनची, एक मगनची.

"आत्याबाई, एक नलूची घ्या ना," कमल म्हणाली.

झुंबरबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं देवीसमोर चप्पल घातली होती. "काय व, डोकं फिरनं का तुनं? रोटनी मूठ माणूसनी राहस. आंडेरनी मूठ लेतस का कोनी? उद्या ती दुसराना घर जाई."

"आजारी आहे ना पोर, म्हणून म्हटलं."

"आजारीले औषध दे. मूठ नको."

सासू परसात गेल्या तसं कमलनं नलूला मांडीवर घेतलं. दवाखान्यात सलाईनसाठी लाकडी पट्टी बांधलेल्या हाताच्या मनगटावर चिकटपट्टीची खूण अजून होती. तो सुजरा हात तिनं गव्हाच्या पोत्यात घातला.

"आवळ मूठ."

"कशाला गं आई?"

"कानबाईला दाखवायला. बघू किती मावतात."

नलूच्या मुठीत मावले तेवढे गहू आणि वर पाव मूठ, हे सगळं कमलनं हळदीनं रंगवलेल्या फडक्यात बांधलं. देवीचा नारळ वर्षभर कोनाड्यात असे. त्याच्यामागे पुरचुंडी सारून तिनं हात जोडले. 'माझी नलू बरी होऊ दे. बरी झाली की हे गहू तुझ्या रोटात दळीन.'

नवस तर तिनं आयुष्यात पुष्कळ बोलले होते. सोळा सोमवार, संकष्टी, उभ्यानं शुक्रवार. हा मात्र पहिलाच, जो तिनं कुणाला न सांगता बोलला.

३

आठ दिवसांनी नलूच्या मनगटावर, पट्टीच्या खुणेवर, गव्हाच्या दाण्याएवढा लाल डाग दिसला. चार दिवसांत त्याचं कडं झालं आणि कड्याच्या मधोमध काळा ठिपका. खाज नाही, आग नाही. नलू त्याला 'माझं घड्याळ' म्हणायची.

जळगावला डॉक्टरांनी कातडीचा बारीक तुकडा खरवडून काचेवर घेतला, बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं.

"ही बुरशी आहे," ते म्हणाले. "मातीत असते, लाकडावर असते, ओल्या धान्यावर असते. तुमच्या-माझ्या अंगावर रोज बसते आणि उपाशी निघून जाते. हिच्या अंगाला राखण नाही म्हणून हिच्यात रुजली. मी आजवर अशी केस एकच पाहिली होती."

"त्या पोराचं काय झालं, साहेब?" अभिमननं विचारलं.

डॉक्टरांनी काच पुसली. "हात आणि रक्त यांच्यामध्ये फारसं अंतर नसतं, भाऊ. सोमवारी हिला भरती करा. आणि घरात कुठं ओल, बुरसलेलं धान्य असेल तर आधी जाळून टाका."

"आमच्या घरात? मी रोज शेणानं सारवते, डॉक्टर," कमल म्हणाली. तिला रागच आला होता.

परतीच्या एसटीत, नेरी गाव मागे पडल्यावर, तिला कोनाडा आठवला.

४

घरी आल्याबरोबर तिनं हातपाय धुतले आणि ओल्या हातांनीच नारळामागची पुरचुंडी काढली. पुरचुंडी जड लागली. श्रावणातली हवा, पाण्यानं फडकं जड झालं असेल, तिनं मनाशी म्हटलं. गाठ सुटता सुटेना. सुटली तेव्हा आत गहू दिसले नाहीत. राखाडी, मऊ, मांजराच्या पिलासारखी लव होती. मधोमध एक वाटोळं कडं, कड्यात काळा ठिपका.

तिनं बोटाचं टोक लावलं.

बाहेरच्या खणात झुंबरबाईंजवळ बसलेली नलू म्हणाली, "आई, किती गार हात गं तुझा!"

कमलनं बोट मागे घेतलं. मधे अख्खी भिंत होती. पोरीनं आपल्याला हात धुताना ऐकलं असेल, तिनं विचार केला. पोरं काहीही बोलतात. तिनं दाराशी येऊन पाहिलं. नलू आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि उजव्या हातानं डावं मनगट पुसत होती, पाणी पुसावं तसं.

त्या संध्याकाळी तिनं सासूला सगळं सांगितलं. झुंबरबाई आधी चिडल्या, मग कपाळाला हात लावून बसल्या, मग उठल्या.

"डाक्टर काय म्हने? जाळा ना? मंग जाळ!" म्हणत त्यांनी पुरचुंडी उचलली आणि चुलीकडे नेली. अजून निखाऱ्यांपासून हातभर लांब होती ती, तोच बाहेरून नलू किंचाळली.

"आई! पोळलं!"

झुंबरबाई जागच्या जागी थांबल्या. चुलीत एक ढलपी तडकली. झुंबरबाईंनी पुरचुंडी हळूच पदरात घेतली, तान्ह्या लेकराला घ्यावं तशी, आणि चुलीकडे पाठ केली.

५

"फेकायचं नाही, जाळायचं नाही," कमल म्हणाली. "ऊन द्यायचं. उन्हानं बुरशी मरते ना, आत्याबाई? डाळीला लागते तेव्हा आपण काय करतो?"

"तू जाय पोरले ली," झुंबरबाई म्हणाल्या. "गहू मी देखस."

आणि ज्या बाईनं पोरीची मूठ परातीत पडू दिली नाही, ती बाई त्या सोमवारपासून धाब्यावर जाऊन बसली. सूप पसरलेलं, सुपात सव्वा मूठ गहू, हातात चिमण्यांसाठी काठी. ढग आला की पदर धरायचा, ऊन पडलं की पदर काढायचा. गल्लीतल्या बाया खालून विचारत, "काय झुंबरबाई, एवढ्याशा गव्हाला एवढी राखण?" त्या म्हणत, "बियानं शे." कमलला हे सगळं पुढे शेजारणींनी सांगितलं. आजही भादव्याचं कोवळं ऊन सुपावर पडलेलं पाहिलं की तिला ते धाबं आठवतं, सासूची वाकलेली पाठ आठवते, आणि डोळे भरून येतात.

दवाखान्यात नलूला रोज सलाईनमधून पिवळं औषध जायचं. त्यानं पोर हुडहुडी भरून पलंगासकट हलायची. कमल तिच्या अंगावर घोंगडी टाकून वर स्वतः पडायची आणि देवीचं नाव घ्यायची. पण रोज दुपारी बाराच्या सुमारास हुडहुडी थांबायची. नलू डोळे मिटून शांत पडायची.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आई, आजी येऊन गेली का?"

"नाही गं. आजी पहूरला आहे."

"मग हात कुणी फिरवला? खरखरीत हात. असा असा," आणि तिनं चार बोटांनी चादरीवर वाटोळं फिरवून दाखवलं, सुपातलं धान्य उन्हात वरखाली करतात तसं.

शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई हसून म्हणाली, "औषधानं भास होतात हो, ताई." कमलही हसली. हसताना तिनं नलूच्या मनगटावर आपला हात ठेवला. मनगट उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखं तापलं होतं.

६

शुक्रवारी डॉक्टरांनी मेलेली कातडी कापून काढली. दाराबाहेर अभिमन आणि कमल बाकावर बसून होते. डॉक्टर बाहेर आले ते रुमालानं मान पुसत.

"बुरशी खाली गेलेली नाही. नशीब आहे तुमचं. कडेनं आपोआप सुकत आलीय, मला तर आश्चर्यच वाटतं. फक्त चार ठिकाणी जरा खोल खरवडावं लागलं. दाण्याएवढे चार खड्डे राहतील."

हात वाचला. पोर वाचली. महिन्याभरानं घरी आणली तेव्हा झुंबरबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, नलूला कडेवर घेतलं आणि कमलला स्वयंपाकघरात ओढलं. गहू कोरडे, पिवळेधमक, एका डब्यात भरलेले. झुंबरबाईंचा चेहरा मात्र पडलेला.

"एक दिन मना जरासा डोळा लागना व," त्या म्हणाल्या. "चार दाना चिमन्या ली गयात."

"कधी, आत्याबाई?"

"शुक्रवारले."

कमलनं खड्ड्यांचं त्यांना सांगितलं नाही. पण पट्टी सुटली त्या दिवशी झुंबरबाईंनी नलूचं मनगट हातात घेतलं, ते चार खड्डे बोटानं चाचपले आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.

७

पुढच्या श्रावणात रोटाच्या दळणाचा दिवस आला. नळीतलं पाणी सहा महिने नितळ होतं, नलू शाळेत जात होती. नवस फेडायला काही हरकत नव्हती. दोघींनी जातं पुसलं, मुठी घेतल्या. शेवटी कमलनं कोनाड्यातला डबा आणला.

"बोलेल नवस फेडना पडी," झुंबरबाई म्हणाल्या.

"हो."

कमलनं खुंटा धरला. झुंबरबाईंनी डब्यात हात घातला, दाणे मुठीत घेतले आणि जात्याच्या तोंडापाशी नेले. अंगणात नलू मैत्रिणींबरोबर लंगडी खेळत होती. तिचं हसणं आत ऐकू येत होतं. जात्याच्या तोंडात अंधार होता.

झुंबरबाईंची मूठ उघडलीच नाही.

"आवंदा नको," त्या म्हणाल्या. "पुढना साल."

त्यानंतर दर श्रावणात हे झालं. एक म्हणायची 'फेडायला हवा', दुसरी म्हणायची 'पुढच्या साली', आणि डबा कोनाड्यात परत जायचा. दर पंधरा दिवसांनी मात्र गव्हांना ऊन मिळायचं. सासू-सुनांतली भांडणं काही कमी झाली नव्हती. मिठावरून, पाण्यावरून, अभिमनच्या धोतरावरून. पण त्या दिवशी धाब्यावर दोघी सुपाच्या दोन बाजूंना बसायच्या आणि एक शब्द वावगा बोलायच्या नाहीत. एक्याण्णव साली झुंबरबाई गेल्या. शुद्ध होती तोवर त्यांनी कमलचा हात धरून एवढंच विचारलं, "गहू कोरडा शेतस ना?"

कमल 'हो' म्हणाली. मग ती एकटीच गव्हांना ऊन देऊ लागली.

८

सत्त्याण्णवच्या श्रावणात घर भरलं होतं. नलूचं लग्न होऊन ती धुळ्याला नांदत होती, कानबाईसाठी माहेरी आली होती. मगनची बायको प्रमिला, हौशी पोर, पहाटेपासून घर झाडत होती. जातं आता परसात उलटं पडलेलं असायचं. रोटाचं दळण तोतारामच्या गिरणीत जायचं. तो त्या दिवशी गिरणीचे दगड धुऊन-पुसून ठेवायचा.

दुपारी कमल देवीच्या लुगड्याला निऱ्या घालत होती. नलू गंगाफळाचा भोपळा चिरत होती आणि सासरच्या गमती सांगत होती. सासऱ्यांना चहात साखर कमी झाली तर ते कपाला नमस्कार करतात, म्हणाली. दोघी हसत होत्या. गल्लीच्या टोकाशी गिरणीचा पट्टा सुरू झाला, फट्‌ फट्‌ फट्‌.

नलूनं विळी बाजूला सारली.

"आई, मनगट गरम झालं गं एकदम."

कमलच्या हातातल्या निऱ्या सुटल्या. तिनं कोनाड्याकडे पाहिलं. नारळ होता. त्याच्यामागे काही नव्हतं. मोरीशेजारी डबा घासून, पुसून, उन्हात पालथा घातलेला होता.

"प्रमिला कुठंय?"

"गिरणीत. रोटाचं घेऊन गेली ना मघाच."

कमल अनवाणी धावली. गल्लीच्या मध्यावरच प्रमिला भेटली, डोक्यावर पिठाचा डबा, भुवयांवर पीठ.

"आई, एवढं ऊन आहे, पायात काही घालायचं ना! अहो, देवीमागे जुने गहू होते मूठभर. देवीचं धान्य, टाकायचं कसं? घातले त्यात. बरोबर केलं ना?"

तिच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट पाहणारं हसू होतं. कमलनं डब्याला हात लावला. ताजं पीठ असतं तसं, कढत.

"बरोबर केलंस, बाई," ती म्हणाली.

घरी नलू पुन्हा गंगाफळ चिरत होती. "थांबलं गं," ती म्हणाली. "उकाड्यानं झालं असेल." कमलनं तिचा हात धरून उजेडाकडे वळवला. मनगट गुळगुळीत होतं. तेरा वर्षांची खूण, ते कडं, ते चार खड्डे, काही नव्हतं. नलूही बघत राहिली आणि मग आनंदानं ओरडली, "अगं, गेलं की! कानबाई पावली!"

"पावली," कमल म्हणाली. तिच्या मनात खरोखर तेच होतं. पोर समोर बसून हसत होती. याहून देवीनं काय द्यायचं?

रविवारी ती एकटी चुलीपुढे बसली, रोट भाजायला कुणाला हात लावू दिला नाही. सातवा रोट तिनं उलटला आणि तशीच थांबली. रोटावर एक वाटोळं कडं उठलं होतं, काळसर. कड्यात चार बारीक खड्डे.

टाकायचा नसतो. परक्याला द्यायचा नसतो. नलूला चालणार नव्हता, दिल्या घरच्या लेकीला माहेरचा रोट वर्ज्य. राहता राहिले अभिमन, मगन आणि प्रमिला. कमलनं तो रोट बाजूला काढला, पुरुषांची पंगत उठल्यावर स्वतःच्या ताटात घेतला आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. गव्हाची चव गोड होती. जुन्या, नीट वाळवलेल्या गव्हाची.

९

सोमवारी वाजतगाजत कानबाई नदीला गेली. मंगळवारी नलू धुळ्याच्या बसनं गेली, खिडकीतून हात हलवत. तिचं मनगट दिसत होतं तोवर कमल स्टँडवर उभी राहिली.

बुधवारी जेवणं उरकली. अभिमन जिनिंगवर, मगन-प्रमिला तिच्या माहेरी. पाऊस उघडला होता, धाब्यावर लख्ख ऊन पडलं होतं. सवयीनं कमल सूप घेऊन वर आली आणि वर आल्यावर तिला आठवलं की सुपात घालायला आता काही नाही. रिकामं सूप पुढ्यात ठेवून ती बसली. किती वर्षं आत्याबाई आणि मी अशाच बसलो, तिच्या मनात आलं.

तेव्हा तिच्या डाव्या मनगटावर, बांगड्यांखाली, एक हात फिरला. खरखरीत. चार बोटं, वाटोळी, सुपातलं धान्य वरखाली करावं तशी. तिनं पाहिलं. मनगट तिचंच होतं, त्यावर कुणीच नव्हतं. पण तो हात तिनं ओळखला. सहा वर्षांत तिला त्याची आठवण आली नाही असा दिवस गेला नव्हता.

ती घाबरली नाही, असं ती नंतर स्वतःला सांगायची.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "बठ्ठं कोरडं शे ना?"

हात फिरत राहिला. मग एका जागी थांबला, ओला दाणा लागावा तसा.

कमलनं बांगड्या वर सारल्या आणि मनगट उन्हात धरलं.